उसाची वंशावळ मांडणाऱ्या जानकीबाई

दिवाळीचा फराळ सरत येतो, डब्यांचे तळ दिसू लागतात आणि आमच्या गावात उसाच्या मोळ्या दारोदार फिरू लागतात. तुळशीचे लग्न तोंडावर आलेले असते. वृंदावनाच्या चार कोपऱ्यांना चार ऊस रोवायचे, शेंडे वर एकत्र बांधायचे, की झाला मांडव. आमचे गाव कालव्याखालचे. ऊस विकत आणण्याची येथे चाल नाही. कोणाच्याही फडातून हक्काने मागावा. मागल्या वर्षी शेजारच्या आजोबांनी ऊस आणून दिले, तेव्हा मी सहज विचारले, “आजोबा, हा कोणता ऊस?”

“शहाऐंशी-शून्य-बत्तीस.”

“आणि याच्या आधी कोणता होता?”

“सातशे चाळीस. त्याच्या आधी चारशे एकोणीस. आमच्या वडलांच्या वक्ताला पुंड्या. लई मऊ, लई गोड. पोरांनी दातानं सोलावा असा.”

आजोबा पुंड्यापाशी थांबले. मला मात्र गप्प बसवेना. मी पेशाने शिक्षिका, सवडीने कादंबऱ्या लिहिणारी. शिक्षण म्हणाल तर मॅट्रिकपुरते. शास्त्राचा अधिकार माझ्यापाशी नाही. परंतु कोणाचे आजोळ कोणते, कोणाचे मूळ गाव कोठले, ह्या गोष्टींची कादंबरी लिहिणाऱ्याला उपजतच खोड असते. उसालाही आजोळ असेलच की! आजोबांनी सांगितलेल्या त्या आकड्यांच्या आधी, कागदावर लिहिताना, ‘को’ हे अक्षर येते. को म्हणजे कोइमतूर. तो धागा धरून मी पुस्तके चाळीत गेले, आणि मला भेटल्या जानकी अम्मल. ‘अम्मल’ हे तिकडचे आदराचे संबोधन. आपण बायकांच्या नावापुढे ‘बाई’ लावतो तसेच. म्हणून मी त्यांना जानकीबाईच म्हणणार आहे.

आधी कोइमतूरची हकीकत सांगितली पाहिजे. १९१२ साली तेथे ऊस-पैदाशीचे केंद्र निघाले. बार्बर नावाचे इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ त्याचे प्रमुख, आणि त्यांचे मदतनीस टी. एस. व्यंकटरामन. गोड, जाड, रसाळ ऊस नाजूक असतो. थंडी, पाणथळ, रोगराई त्याला सोसवत नाही. उत्तर हिंदुस्थानात तर त्याचा निभाव लागत नसे. ह्या दोघांनी त्याची गाठ घालून दिली ती एका रानगवताशी. हे गवत तुम्ही पाहिले आहे. भादवा-आश्विनात नदीच्या वाळूत पांढरेशुभ्र तुरे डोलू लागतात, ते कास. कोणी त्याला कसाड म्हणतात. शेतकरी त्याला शिव्या घालतो, कारण एकदा शेतात शिरले की नांगराला दाद देत नाही. परंतु हेच कास उसाचे रानातले भाऊबंद. गोड ऊस आणि हे चिवट गवत यांच्या संकरातून जो ऊस निपजला, तो ‘को २०५’ ह्या नावाने १९१८ साली बाहेर पडला आणि पंजाबात फोफावला. पुढच्या बहुतेक ‘को’ जातींत कासाचे रक्त थोडेफार उतरले आहे. तुळशीच्या मांडवाचा ऊस आणि नदीकाठचे कास यांचे सोयरपण हे असे आहे.

तरी एक कोडे उरलेच होते. संकर जमतो का? कधी जमतो आणि कधी फिसकटतो? हातात आलेल्या रोपात आईचे किती, बापाचे किती? हे डोळ्यांनी पाहून सांगता येत नाही. ते मोजावे लागते.

मोजायचे काय, तर रंगसूत्रे. आताच्या पाठ्यपुस्तकात ‘गुणसूत्र’ हा शब्द आहे. मला जुना ‘रंगसूत्र’ अधिक आवडतो, कारण रंग दिल्याशिवाय ही सूत्रे दिसतच नाहीत. पेशीच्या गाभ्यातल्या ह्या गोष्टी हॉफमाइस्टर नावाच्या जर्मन पंडिताने १८४८ साली एका फुलझाडाच्या पेशीत पाहून त्यांचे चित्र काढले होते. पण आपण काय पाहिले, ते त्यालाही उमगले नव्हते. ‘क्रोमोसोम’ हे बारसे झाले ते १८८८ साली. मेंडेलचे वाटाण्यांचे नियम १९०० साली विस्मृतीतून वर आले, आणि हळूहळू लक्षात येत गेले, की आईबापांचे गुण ज्या गाठोड्यांत बांधून लेकरांकडे येतात, ती गाठोडी म्हणजे हीच सूत्रे. एकेका जातीच्या पेशीत त्यांची संख्या साधारणतः ठरलेली. कांद्यात १६.

कांद्याचे मी छातीठोकपणे सांगते, कारण तो उद्योग मी केला आहे. हायस्कुलातल्या विज्ञानाच्या गुरुजींची मनधरणी करून त्यांचे सूक्ष्मदर्शक यंत्र दोन दिवसांसाठी आणले. पाण्याच्या पेल्यावर कांदा ठेवला, चार दिवसांनी मुळे फुटली, त्यांची टोके कापून औषधात मुरवली, तांबडा रंग चढवला आणि काचेवर ठेवून वरून अंगठ्याने दाबली. पहिल्या दिवशी काहीच दिसले नाही; नुसता तांबडा चिखल. दुसऱ्या दिवशी सातवीतल्या एका मुलीला एक पेशी सापडली. शेवयांचे तुकडे विखुरले जावेत तसे काहीतरी. तिने मोजले, चौदा. मी मोजले, सतरा. गुरुजींनी चष्मा पुसून मोजले आणि सोळा म्हणून निर्णय दिला. तो आधीपासून ठाऊक होता म्हणून दिला, असा मला अजून संशय आहे. कांद्याची सूत्रे मोठी आणि मोजकी. उसाच्या पेशीत अशी शंभराहून जास्त, तीही बारीक आणि एकमेकांत गुंतलेली. ती मोजायची, चित्र काढायचे, दुसरी पेशी घ्यायची, पुन्हा मोजायचे. आणि हे एका रोपाचे नव्हे, शेकडो रोपांचे.

हे काम ज्यांनी जन्मभर केले, त्या जानकीबाईंचा जन्म ४ नोव्हेंबर १८९७ रोजी मलबारात तेलीचेरी येथे झाला. वडील ई. के. कृष्णन न्यायखात्यात सब-जज्ज, बागेचा आणि पाखरांचा नाद असलेले. त्यांना दोन लग्नांची मिळून एकोणीस मुले. दुसऱ्या बायकोच्या तेरांपैकी जानकी दहावी. घराणे तिय्या जातीचे. मलबारच्या जातिव्यवस्थेत ही जात अवर्ण मानली जाई. आणि जानकीबाईंच्या आईचे वडील होते हॅनिंग्टन नावाचे इंग्रज अंमलदार. आजी मलबारी, लग्नाची नव्हे. म्हणजे जुन्या पोथ्यांच्या भाषेत बोलायचे, तर घरातच संकर. आपल्या भाषेची गंमत पाहा: शेतात जो ‘संकर’ शब्द वरदान ठरतो, तोच माणसाला लावला की शिवी होते. दोन्ही अर्थ ज्या मुलीच्या वाट्याला आले, तिने पुढे संकराचेच शास्त्र केले. हा निव्वळ योगायोग असेल. पण कादंबरीत मी असा योग जुळवला असता, तर वाचकांनी मला हटकले असते!

बहिणींची लग्ने होत गेली. जानकी मद्रासला शिकायला गेली; क्वीन मेरीज कॉलेज, मग प्रेसिडेन्सी कॉलेज, आणि १९२१ मध्ये वनस्पतिशास्त्रात ऑनर्सची पदवी. विमेन्स ख्रिश्चन कॉलेजात ती शिकवू लागली. घरात मामेभावाशी लग्नाची बोलणी चालली होती, तेवढ्यात अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाची बार्बर शिष्यवृत्ती आली. आशियातल्या स्त्रियांसाठीच ही शिष्यवृत्ती होती. १९२४ साली जानकीबाईंनी बोहल्याऐवजी आगबोट पत्करली. पुढे त्यांनी लग्न केलेच नाही. १९३१ मध्ये त्याच विद्यापीठाची डॉक्टरेट त्यांना मिळाली. प्रबंध होता टोमॅटोच्या कुळातल्या निकॅन्ड्रा नावाच्या वनस्पतीच्या रंगसूत्रांवर. वनस्पतिशास्त्रात डॉक्टर झालेल्या आरंभीच्या भारतीय स्त्रियांत त्यांची गणना होते. आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाहून डॉक्टर झाल्या त्याला तोवर पंचेचाळीस वर्षे उलटली होती, तरी समुद्र ओलांडून शिकून आलेली बाई म्हणजे अजूनही नवलच होते.

त्रिवेंद्रमला दोन वर्षे प्राध्यापकी करून त्या १९३४ मध्ये कोइमतूरला आल्या, आणि माझ्या मते त्यांच्या आयुष्यातले खरे पर्व तेथे सुरू झाले.

गोड उसात ८० रंगसूत्रे. कासाचे मात्र एक ठरलेले नाही. ठिकठिकाणच्या कासात वेगवेगळी. कोठे ४०, कोठे ६४, कोठे ९६, आणि आज आपल्याला माहीत आहे त्याप्रमाणे थेट १२८ पर्यंत. दिसायला सगळे एकच गवत! जानकीबाईंनी देशाच्या निरनिराळ्या भागांतले कास जमवून त्यांची मोजदाद केली, आणि ह्या गवताचे मूळ घर भारतच असावे, असे अनुमान बांधले. गोड उसाचे माहेर मात्र न्यू गिनीच्या बाजूचे, असे आता मानतात. दोन दूरच्या घरची मंडळी ह्या मांडवात एकत्र आली.

दुसरी गंमत हिशेबाची. आईकडून निम्मे, बापाकडून निम्मे हा सृष्टीचा सर्वसाधारण कायदा. गोड उसाची ८०, म्हणजे आईकडून ४०. कासाची ६४, म्हणजे बापाकडून ३२. बेरीज ७२ व्हायला हवी. परंतु लेकरात भरतात ११२! जावा बेटातल्या ब्रेमर ह्या डच शास्त्रज्ञाने १९२० नंतरच्या दशकात ह्याचा उलगडा केला: ह्या संकरात ऊस-आई आपली सारीच्या सारी ८० लेकराला देऊन टाकते. निम्मे राखून ठेवणे तिला माहीतच नाही. म्हणून रानटी बापाचा चिवटपणा येऊनही ऊस गोड राहतो. कोइमतूरला जानकीबाईंनी ही मोजणी आणखी दूर नेली. ऊस आणि ज्वारी, ऊस आणि मका, ऊस आणि दुसरी गवते यांच्या संकरांचा त्यांनी अभ्यास केला. ऊस आणि मका यांच्या संकराबद्दलचे त्यांचे टिपण १९३८ मध्ये ‘नेचर’ ह्या जगप्रसिद्ध नियतकालिकात आले. ऊस आणि बांबू यांच्या संकराच्या रंगसूत्रांवरचेही त्याच वर्षी.

त्या काळात खुद्द माणसाच्या पेशीत किती रंगसूत्रे असतात, ते शास्त्राला नीट ठाऊक नव्हते. ४८ असे सगळे धरून चालले होते. खरा आकडा ४६, हे १९५६ साली प्रसिद्ध झाले; आणि ते शोधणारे त्यो आणि लेवान हे दोघे मूळचे वनस्पतींची रंगसूत्रे मोजणारे. लेवान तर कांद्यावर काम केलेला! आमच्या सातवीतल्या मुलीला हे सांगितले, तेव्हा तिच्या चौदाची तिला वाटणारी लाज बरीच कमी झाली.

१९३५ साली जानकीबाई इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ सायन्सेसच्या फेलो निवडल्या गेल्या. हा मान मिळालेली पहिली स्त्री. संस्था सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी आदल्याच वर्षी स्थापलेली. मराठी वाचकाला येथे एक आठवण झाल्यावाचून राहणार नाही. १९३३ साली ह्याच रामन यांनी बंगलोरच्या विज्ञानसंस्थेत आपल्या कमला भागवत, पुढे सोहोनी, यांना ‘स्त्री’ म्हणून प्रवेश नाकारला होता. कमलाबाई हटून बसल्या, तेव्हा अटी घालून घेतले. दोनच वर्षांनी त्यांच्याच अ‍ॅकॅडमीत एका स्त्रीला मान मिळाला. कमलाबाईंच्या हट्टाने रामन यांचे मन किती बदलले असेल, ह्याचा हिशेब कोणत्याही सूक्ष्मदर्शकाखाली लागायचा नाही.

मान मिळाला तरी कोइमतूरचे दिवस सुखाचे नव्हते. एकटी बाई, तीही खालची मानलेल्या जातीची, आणि भोवती सगळा पुरुषांचा कारखाना. त्यांच्या चरित्रकारांनी ह्या जाचाची नोंद केली आहे. १९३९ च्या ऑगस्टात आनुवंशशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय परिषदेसाठी त्या एडिंबरोला गेल्या, आणि परिषद संपते न संपते तोच महायुद्ध पेटले. जानकीबाई विलायतेतच राहिल्या. लंडनजवळ मर्टन येथे जॉन इन्स संस्थेत त्यांना काम मिळाले. रात्री बॉम्ब पडत, त्या पलंगाखाली शिरत. सकाळी प्रयोगशाळेतल्या फुटक्या काचा झाडून पुन्हा मोजायला बसत, असे त्या पुढे सांगत. मायदेशाहून येताना पातळाच्या घोळात लपवून एक खार त्यांनी नेली होती आणि तिचे नाव ‘कापोक’ ठेवले होते, अशीही गोष्ट सांगतात. बॉम्बवर्षावात बाई आणि खार! बालवाचकांनी उरलेली गोष्ट स्वतः रचावी.

त्या युद्धातून एक ग्रंथ निघाला. सी. डी. डार्लिंग्टन आणि ई. के. जानकी अम्मल यांचा ‘क्रोमोसोम अ‍ॅटलास ऑफ कल्टिव्हेटेड प्लँट्स’, १९४५. माणसाने लावलेल्या, जोपासलेल्या हजारो वनस्पतींच्या रंगसूत्रांचे आकडे, जगभरच्या नोंदी गोळा करून कुळवार मांडलेले. चारशेच्या आसपास पानांचे हे पुस्तक कादंबरीसारखे वाचता येत नाही. ते तलाठ्याच्या दप्तरासारखे आहे. पण दप्तर नसेल तर जमिनीचा वाद सुटायचा कसा? कोणते झाड कोणाशी जुळेल, कोणते पीक कोणत्या रानातून आले, ह्या प्रश्नांना हात घालणाऱ्यांना पुढे बरीच वर्षे हे दप्तर उघडावे लागले. १९५५ साली त्याची वाढवलेली नवी आवृत्ती निघाली, नाव थोडे बदलून. तिच्यावर डार्लिंग्टन यांच्या जोडीला दुसऱ्याच सहलेखिकेचे, वायली यांचे, नाव आहे. जानकीबाई तेव्हा भारतात होत्या.

मध्यंतरी १९४५ ते १९५१ त्या विस्ली येथे रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या बागेत पगारी शास्त्रज्ञ होत्या. कॉल्चिसिन नावाचे एक विषारी औषध आहे. त्याने पेशी दुभंगत नाही, पण रंगसूत्रे दुप्पट होतात. जानकीबाईंनी मॅग्नोलियाच्या कोवळ्या रोपांवर त्याचा प्रयोग केला. ती रोपे बागेतल्या बॅटलस्टन टेकडीवर लावली, आणि त्यांचे वृक्ष झाले. त्यांतल्या एका जातीला ‘जानकी अम्मल’ हे नाव आहे. पांढरीशुभ्र फुले येतात.

१९५१ मध्ये पंडित नेहरूंनी त्यांना बोलावून घेतले. भारतीय वनस्पती सर्वेक्षण हे खाते इंग्रजांनी १८९० साली काढले होते. त्याची नवी घडी बसवायची होती. १९५२ च्या ऑक्टोबरात जानकीबाई खास अधिकारी म्हणून रुजू झाल्या. आपल्या झाडांचे नमुने परदेशी संग्रहांत, आपल्या झाडांची नावे परक्यांनी ठेवलेली. हे त्यांना बदलायचे होते. खात्याची विभागवार केंद्रे निघाली. आपल्या पुण्याचे पश्चिम विभागाचे केंद्र १९५५ चे. परंतु १९५४ मध्ये मुख्य वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून नेमणूक झाली ती फादर सांतापाव यांची. फादर मूळचे स्पेनचे, मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये शिकवणारे, खंडाळ्याच्या वनस्पतींवर ग्रंथ लिहिणारे. पुढे ते भारताचे नागरिक झाले. सह्याद्रीच्या झाडाझुडपांवर त्यांनी जीव लावला, म्हणून मला त्यांच्याविषयी आदरच आहे. तरी जानकीबाईंना ही नेमणूक लागली. ज्या बाईने घराचा आराखडा काढला, तिला ओसरीवर बसवल्यासारखे ते झाले. त्यांचे दुःख मला पटते, आणि फादरांचे कामही मला मोठे वाटते. दोन्ही खरे आहे.

सर्वेक्षणाच्या निमित्ताने त्या देशभर हिंडल्या, आणि त्यांना काय दिसले? अधिक धान्य पिकवण्याच्या मोहिमेत रानेच्या राने कापली जात होती. आसामात मॅग्नोलियाच्या एका दुर्मिळ जातीचे, त्या भागातले एकुलते एक झाड पाहायला त्या शिलाँगहून ३७ मैल गेल्या; पोहोचून पाहतात तो झाड जळालेले. १९५५ साली अमेरिकेत प्रिन्स्टन येथे ‘पृथ्वीचे रूप पालटण्यात माणसाचा हात’ ह्या विषयावर विद्वानांची सभा भरली. तेथे बोलावलेल्यांत त्या एकट्याच स्त्री होत्या, आणि बोलल्या त्या भारतातल्या रानावर आणि कोरडवाहू शेतीवर जगणाऱ्या माणसांविषयी.

नंतर अलाहाबाद, जम्मू, काही काळ आपल्या तुर्भ्याचे अणुसंशोधन केंद्र, असा फिरता संसार झाला. १९७० मध्ये त्या मद्रासला आल्या. मद्रास विद्यापीठाच्या मदुरवॉयल येथील क्षेत्र-प्रयोगशाळेतच त्यांचे काम आणि त्यांचे घर. १९७७ साली पद्मश्री.

त्याच सुमारास केरळात सायलेंट व्हॅली नावाच्या अरण्यात वीजप्रकल्पासाठी धरण बांधायचे ठरले होते. कुंतीपुळा नदी अडणार आणि पाऊसवनाचा मोठा तुकडा पाण्याखाली जाणार. शिक्षक, कवी, शास्त्रज्ञ सगळे विरोधाला उभे राहिले. ऐंशी वर्षांच्या जानकीबाईही त्यांत होत्या. त्यांनी काय करायचे ठरवले असेल? ते रान बुडण्याच्या आत तिथल्या वनस्पतींची रंगसूत्रे मोजायला त्यांनी घेतली.

फेब्रुवारी १९८४ मध्ये, काम चालू असतानाच, जानकीबाई मदुरवॉयल येथे वारल्या. धरणाचा बेत सरकारने त्याआधीच सोडला होता. सायलेंट व्हॅली राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झाली ती त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात.

यंदाचे ऊस अजून यायचे आहेत. आजोबांना मी सांगून ठेवले आहे, की चार उसांबरोबर नदीवरून कासाचा एक तुराही आणा. ते म्हणाले, “गवत कशाला मांडवात?” मी म्हटले, “नवरदेवाकडचा पाहुणा आहे.” आजोबांनी माझ्याकडे जरा चमकून पाहिले, आणि आणतो म्हणाले.